एररमध्ये बोलतंय कोण?

लिनक्सच्या टर्मिनलवर 'मेक' लिहून एंटर दाबलं, ओळी सरसर वर सरकल्या आणि काम मध्येच थांबलं, की बहुतेकांची नजर सगळ्यात खालच्या ओळीवर जाते. तिथे असतं 'एरर १'. मग तीच ओळ कॉपी करून गूगलमध्ये टाकली जाते, आणि हजारो वेगवेगळ्या कारणांनी अडकलेले हजारो लोक समोर येतात. साहजिकच आहे. ती ओळ बिघाडाबद्दल काहीच सांगत नाही. 'मी ज्याला काम दिलं होतं, त्याला ते जमलं नाही,' एवढंच ती सांगते. तिच्या सुरुवातीला कोलनच्या आधी एक नाव असतं: मेक. म्हणजे बोलणारा मेक आहे, आणि मेकला सी भाषेतलं एक अक्षरही कळत नाही.

ओळीच्या सुरुवातीचं हे नाव बघायची सवय लागली, की पडद्यावरचा तो पानभर गोंधळ एकदम वेगळा दिसायला लागतो. एकच यंत्र आपल्यावर ओरडतंय असं जे वाटत असतं, ते खरं नसतं. तिथे पाच-सहा जण आळीपाळीने बोलत असतात. प्रत्येकाचं काम वेगळं, भाषा वेगळी आणि माहितीही त्याच्यापुरतीच.

माझी भाची नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती देवळाली कॅम्पात आमच्याकडे येते आणि सोबत लॅपटॉप आणते. यंदा तिने एक छान प्रोजेक्ट घेतला होता: नाशिक ते इगतपुरी पट्ट्यातले डोंगर, दऱ्या, गावं यांची नावं आणि अक्षांश-रेखांश फायलींत लिहायचे, सी भाषेतल्या प्रोग्रामने त्यांच्यातली अंतरं काढायची आणि नकाशा रंगवायचा. या एका प्रोजेक्टने जवळपास सगळ्या बोलणाऱ्यांशी आमची गाठ घालून दिली, म्हणून त्याच्याच आधाराने पुढे जातो.

आधी पडद्यामागे काय चालतं ते बघू. 'जीसीसी' हे नाव आपण कंपायलरचं म्हणून घेतो, पण जीसीसी स्वतः फारसं काही करत नाही. तो मुकादम आहे. सी फाइल त्याच्या हातात दिली की तो 'सीसी१' नावाच्या प्रोग्रामला बोलावतो. सीसी१ हाच खरा कंपायलर. तो 'इन्क्लूड'ने मागितलेल्या हेडर फायली आत ओढून घेतो; पाच ओळींचा 'हॅलो वर्ल्ड' त्याच्या पोटात गेल्यावर काही शे ओळींचा झालेला असतो. त्यातून तो असेंब्ली भाषा लिहितो. ती घेऊन 'एएस' नावाचा असेंब्लर प्रोसेसरचे आकडे तयार करतो, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल. मग 'कलेक्ट२' येतो, तो 'एलडी'ला म्हणजे लिंकरला हाक मारतो, आणि एलडी सगळे तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम बनवतो. या सगळ्यांच्या वर बसलेला असतो मेक, आणि सगळ्यांच्या खाली कर्नल.

हे नुसतं ऐकून पटत नाही, बघावं लागतं. 'जीसीसी'ला 'व्ही' हा पर्याय देऊन बघा. तो कोणाकोणाला कोणत्या शब्दांत काम सांगतो, ते सगळं पडद्यावर येतं. 'एसट्रेस' हे हत्यार लावलं तर त्याहून खोल दिसतं. कंपायलर एक हेडर शोधायला किती दारं ठोठावतो, प्रत्येक दारावर कर्नल त्याला 'इथे नाही' कसं सांगतो आणि शेवटी ती फाइल कुठे सापडते, हे ओळीओळीने उलगडतं. अर्ध्या सेकंदाच्या आत शेकडो प्रश्न आणि शेकडो उत्तरं. ते पहिल्यांदा बघितलं त्या रात्री मी नुसता वर-खाली स्क्रोल करत बसलो होतो. आजही ते बघताना तसंच वाटतं.

कॅम्पात राहणाऱ्याला तोफांचा आवाज नवा नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी इथलीच. तोफेवरच्या जवानाला बहुतेक वेळा लक्ष्य दिसतच नाही, ते टेकडीपलीकडे असतं. दुसरीकडे उंचावर बसलेला निरीक्षक गोळा कुठे पडला ते बघतो आणि वायरलेसवर कळवतो. कुठे पडला, हे त्याला पक्कं माहीत असतं. पण चूक तोफेच्या कोनात होती, दारूच्या मापात होती की वाऱ्यात, हे तिथे बसून सांगता येत नाही. ते मागे येऊन शोधावं लागतं. एरर मेसेज हा असाच निरीक्षकाचा रिपोर्ट असतो. योगायोग असा, की एनिअ‍ॅक हा १९४६ साली जगासमोर आलेला अमेरिकेतला इलेक्ट्रॉनिक संगणक मुळात तोफांच्या फायरिंग टेबलांची गणितं करण्यासाठीच बांधायला घेतला होता.

गोळा पडतो एकीकडे आणि चूक असते दुसरीकडे, याचं सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे सुटलेला सेमीकोलन. तो सुटतो सातव्या ओळीच्या शेवटी, आणि कंपायलरला वाचता वाचता कळतं आठव्या ओळीच्या सुरुवातीला. जुना कंपायलर सरळ आठव्या ओळीकडे बोट दाखवायचा. अशा चुका दाखवून शिकवणारे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले सी आणि सी++चे धडे मराठी आवाजातही आहेत. त्यांची मला आवडणारी गोष्ट ही, की प्रोग्राम चालवून दाखवून ते थांबत नाहीत. मुद्दाम चूक करतात, फाइल सेव्ह करतात, कंपाइल करतात आणि पडद्यावर काय येतं ते दाखवून मग दुरुस्ती करतात. दहा-बारा मिनिटांच्या धड्यात चुकीला दिलेली ती दोन मिनिटं सोन्यासारखी आहेत. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये फक्त बरोबर आलेलं आउटपुट चिकटवतात. एररची एक प्रिंटही लावायला सांगितली तर मुलं दुप्पट शिकतील, असं मला मनापासून वाटतं.

आता मेककडे येऊ. मेकची जन्मकथा कॉम्प्युटरच्या इतिहासातल्या मला सर्वाधिक जवळच्या वाटणाऱ्या गोष्टींपैकी आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून आले. जॉन्सन म्हणजे 'यॅक' या नावाजलेल्या हत्याराचे कर्ते, साधेसुधे प्रोग्रामर नव्हेत. त्यांची अख्खी सकाळ एका प्रोग्राममधला बग शोधण्यात गेली होती, आणि बग तर त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. जुनेच तुकडे जोडले जात होते आणि जुनाच प्रोग्राम चालत होता. फेल्डमन यांनीही आदल्या संध्याकाळी असाच ताप भोगला होता. त्या बोलण्यातून मेक जन्मला.

मेकची युक्ती इतकी साधी, की विश्वास बसत नाही. तो फायलींच्या आत डोकावतच नाही. तो फक्त घड्याळ बघतो. ऑब्जेक्ट फाइल दहा वाजून पाच मिनिटांची आणि तिची सी फाइल दहा वाजून सात मिनिटांची, म्हणजे सी फाइल नवी आहे. चला, पुन्हा कंपाइल करा. उलटं असेल तर हात लावू नका. कोट्यवधी ओळींच्या लिनक्स कर्नलमध्ये एक फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेला भागच पुन्हा तयार होतो, तो मुख्यतः याच तुलनेच्या जोरावर. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकला काम लिहून देतात त्या मेकफाइलमधल्या आज्ञांची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ स्पेस दिल्या तर दिसायला तंतोतंत तसंच, आणि मेक म्हणतो 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' जगातल्या प्रत्येक नवशिक्याला ही ओळ एकदा तरी भेटते. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांना फार लवकर कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले होते. त्यांच्या चालू फायली मोडायला नकोत म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. आणि त्या डझनभर मित्रांच्या सोयीसाठी आज देवळालीतली मुलगी टॅब शोधत बसते. नव्या मेकची एक गोष्ट चांगली आहे. आठ स्पेस दिसल्या तर तो स्वतःच विचारतो, तुम्हाला टॅब द्यायचा होता का?

घड्याळावर सगळी भिस्त असल्यावर घड्याळच चुकलं तर? भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. एका संध्याकाळी मेकने तिला इशारा दिला: अमुक फाइलची वेळ १९८०० सेकंदांनी भविष्यात आहे, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड'. ती घाबरली. मी आकडा बघून खूश झालो. १९८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास, आणि साडेपाच तास म्हणजे ग्रिनिचच्या पुढे चालणारी आपली भारतीय प्रमाणवेळ. कारण असं, की मदरबोर्डवरच्या छोट्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ भरून ठेवतो, आणि लिनक्स त्याच घड्याळाकडे ग्रिनिचची वेळ म्हणून बघतो आणि वर साडेपाच तास मिळवतो. इंटरनेट लागेपर्यंत लिनक्स भविष्यात जगतो. त्या काही मिनिटांत सेव्ह केलेल्या फायलींवर भविष्यातला शिक्का बसतो; मग नेट लागतं, घड्याळ दुरुस्त होतं, आणि मेकला उद्याच्या फायली दिसायला लागतात. लंडनच्या विद्यार्थ्याला हिवाळ्यात हा आकडा कधीच दिसणार नाही. हा आपला आकडा आहे. फायलींना 'टच' करून आजची वेळ दिली आणि लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेचं आहे असं सांगून टाकलं की हे थांबतं.

सीसी१चं बोलणं त्यामानाने सरळ असतं. फाइलचं नाव, ओळ, ओळीतलं अक्षर कितवं, आणि तक्रार. त्यातली 'झेडलिब डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की एकदा समजून घ्यावी. झेडलिब ही लायब्ररी मशिनवर असतेच, तिच्याशिवाय अर्धं लिनक्स चालणार नाही. पण चालवायला लागते ती लायब्ररी, आणि कंपाइल करायला लागते ती तिची हेडर फाइल. डेबियन-उबुंटूवाले या दोन गोष्टी वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. हेडरच्या पॅकेजच्या नावाला 'डेव्ह' असं शेपूट असतं, फेडोरात 'डेव्हल'. ते पॅकेज बसवलं की काम झालं. यात एवढंच.

पण सीसी१ अक्षरं कशी वाचतो, हा भाग मराठी माणसासाठी फार रंजक आहे. भाचीने गावांची नावं देवनागरीत टाइप केली होती, आणि त्या भरात कीबोर्ड मराठीवरच राहिला. 'फॉर' लूपमध्ये इंग्रजी एकऐवजी मराठी १ टाइप झाला. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या जीसीसीने त्या एका आकड्यासाठी तीन एरर दिले: प्रोग्राममध्ये भरकटलेला ३४०, भरकटलेला २४५, भरकटलेला २४७. हे आकडे काय आहेत? यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं. १ साठवला जातो तो या तीन बाइटमध्ये, आठाच्या पायावर लिहिलेल्या. जुना कंपायलर बाइटबाइटने वाचायचा, त्यामुळे एका १चे तीन तुकडे करून तीनदा तक्रार करायचा. देवनागरीतली सगळी अक्षरं ३४० या बाइटने सुरू होतात. म्हणजे एररमध्ये ३४० दिसला, की समजावं आपली मराठी कुठेतरी कोडमध्ये शिरली आहे. ३४२ दिसला तर बहुधा वर्डमधून किंवा पीडीएफमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह असतं.

२०२० साली आलेल्या जीसीसी १०पासून कंपायलर यूटीएफ-८मधली अक्षरं अख्खी वाचायला शिकला. आता सी भाषेत 'अंतर' नावाचं व्हेरिएबल देवनागरीत लिहिता येतं आणि ते चालतं. पहिल्यांदा ते कंपाइल झालं तेव्हा भाचीने मला हाक मारून दाखवलं: "मामा, हे बघ ना, चाललं!" मात्र १ हा नव्या जीसीसीलाही आकडा वाटत नाही.

याहून अवघड गाठ पडली ती 'दऱ्या'शी. तिने दऱ्यांची यादी 'दऱ्या' नावाच्याच फाइलमध्ये ठेवली होती. मेकफाइलमध्ये नाव बरोबर, फोल्डरमध्ये फाइल हजर, आणि मेक म्हणतो, 'नो रूल टु मेक टार्गेट'. म्हणजे अशी फाइल नाही, आणि ती कशी बनवायची हेही मला माहीत नाही. तिने नाव पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. आम्ही दोघांनी पडद्याला नाक लावून दोन्ही नावं पाहिली. काना, वेलांटी, सगळं सारखं.

मग 'एलएस'चं आउटपुट 'ओडी' या प्रोग्राममधून सोडलं. तो अक्षरं न दाखवता बाइट दाखवतो. एक नाव १५ बाइटचं निघालं आणि दुसरं १८ बाइटचं. जास्तीचे बाइट होते ३४२, २००, २१५. हा शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर स्वतः दिसत नाही, पण शेजारच्या अक्षरांचा आकार बदलतो.

सूर्यातला रफार आणि दऱ्यातला आडवा र हा भेद मराठीत जपावा लागतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे वेगळे लोक आहेत. युनिकोडमध्ये हा आडवा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे तो अदृश्य जोडक. दोन्हींतून पडद्यावर अगदी एकच आकार उमटतो. युनिकोडची देवनागरीची मांडणी आपल्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, आणि जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून दुसरी वाट चालू ठेवली गेली. आता एक कीबोर्ड पहिल्या वाटेने लिहितो, दुसरा दुसऱ्या वाटेने. भाचीने फाइलला नाव दिलं होतं मोबाइलवरून, आणि मेकफाइल लिहिली लॅपटॉपवर.

कर्नलला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ. त्यात शून्य बाइट नको आणि तिरकी रेघ नको, एवढीच त्याची अट. मराठी, तमिळ, इंग्रजी, सगळं त्याला सारखं. १५ बाइटचं नाव मागितलं आणि १८ बाइटचं नाव ठेवलेलं असेल, तर त्याचं 'नाही' हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. तरी हा आडवा र पडद्यावर नीट उमटावा म्हणून किती जणांनी कष्ट घेतले आहेत! पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिपींवर काम झालं, रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी लोहित फॉन्ट सांभाळले, आणि लिनक्सवर अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे इंजिन जगभरच्या लोकांनी घडवलं. त्यांनी दोन्ही वाटा इतक्या चोख एकत्र आणल्या, की डोळ्याला फरक कळत नाही. त्यांचं यश पडद्यावर आहे, म्हणूनच अडचण पडद्याखाली शोधावी लागते.

नाव दुरुस्त झालं, फायली कंपाइल झाल्या, आणि बोलायला लागला लिंकर. ओळीच्या सुरुवातीला 'एलडी'. मजकूर असा, की मेन फंक्शनमध्ये 'एसक्यूआरटी'चा उल्लेख आहे पण ते कुठे सापडत नाही. दोन गावांमधलं अंतर काढायला वर्गमूळ लागतं, म्हणून तिने ते वापरलं होतं. तिचा प्रश्न रास्त होता: "अरे, कालपर्यंत तर चालत होतं! काल मी २५चं वर्गमूळ काढून बघितलं, ५ आलं."

इथे मला लिनक्सच्या हत्यारांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. गणिताची फंक्शनं लिनक्सवर वेगळ्या लायब्ररीत आहेत, आणि ती हवी असेल तर आज्ञेच्या शेवटी 'एलएम' लिहून मागावी लागते. मग काल न मागता कसं चाललं? कारण काल कंसात २५ हा ठरलेला आकडा होता. सीसी१ने तो बघितला, उत्तर ५ आहे हे कंपाइल करतानाच काढलं आणि प्रोग्राममध्ये सरळ ५ लिहून टाकलं. वर्गमूळ काढायची वेळच आली नाही, त्यामुळे लिंकरला कोणाला शोधावंही लागलं नाही. आज कंसात व्हेरिएबल आलं. त्याची किंमत प्रोग्राम चालेपर्यंत कळणार नाही, म्हणून खरं फंक्शन हवं झालं. दोन्ही दिवशी सगळे खरंच बोलत होते. कालचा प्रोग्राम आणि आजचा प्रोग्राम, यांत एका अक्षराचा फरक आणि पडद्यामागे इतकी वेगळी हकिकत.

यात आणखी एक मेख आहे. 'एलएम' कुठे लिहायचं, यालाही अर्थ आहे. उबुंटूवर ते फाइलच्या नावाआधी लिहिलं तर लिंकर लायब्ररीकडे बघतो, 'आतापर्यंत हिची कोणाला गरज लागली का?' असं तपासतो, गरज नसली तर बाजूला ठेवतो, आणि पुढची फाइल उघडल्यावर म्हणतो, वर्गमूळ सापडत नाही. फेडोरावर तीच आज्ञा मुकाट्याने चालते, कारण तिथला जीसीसी लिंकरला असं गाळायला सांगत नाही. लॅबमध्ये चालणारं घरी का चालत नाही, याचं उत्तर अनेकदा अशा एखाद्या ठरवून ठेवलेल्या पर्यायात असतं. ना तुमचा कोड चुकलेला असतो, ना मशिन. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: आधी मागणारा, मग देणारा.

कर्नल बोलतो तेव्हा तर तो शब्दही वापरत नाही. नुसता आकडा देतो. २ म्हणजे फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हे वाक्य सी लायब्ररी आपल्या तक्त्यातून काढते. त्यामुळे कर्नलला कोणती फाइल सापडली नाही, हे त्या आकड्यात नसतंच. भाचीच्या मैत्रिणीने विंडोजवर लिहिलेली एक स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून दिली होती. फाइल समोर दिसतेय, चालवली तर उत्तर: अशी फाइल नाही. खरी गोष्ट अशी, की स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'ही बॅशने चालवा' असं लिहिलेलं असतं, आणि विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतो, टेलिप्रिंटरची गाडी परत डावीकडे नेणारं. कर्नल ते चिन्हही नावात धरतो आणि 'बॅश अधिक ते चिन्ह' अशा नावाचा प्रोग्राम शोधतो. तो नसतो. स्क्रिप्ट आहे, ती चालवणारा नाही. अलीकडच्या बॅशने हे वाक्य बदललं आणि 'लागणारी फाइल सापडली नाही' असं म्हणायला सुरुवात केली. कोणीतरी कुठेतरी बसून दुसऱ्याचा त्रास वाचावा म्हणून ही चार शब्दांची दुरुस्ती केली, याचं मला फार अप्रूप आहे.

शेवटचा अडथळा नकाशा रंगवणाऱ्या सी++ लायब्ररीचा. ती मुळापासून कंपाइल करायची होती. लवकर व्हावं म्हणून तिने मेकला 'जे' पर्याय दिला, पण पुढे आकडा दिला नाही. आकडा नसला तर मेकला मर्यादा राहत नाही; जेवढी कामं सुरू करता येतील तेवढी तो एकदम सुरू करतो. लॅपटॉप गोठला, पंखा घोंघावला, आणि थोड्या वेळाने ओळ आली: 'सीसी१प्लस' हा प्रोग्राम, म्हणजे सी++साठीचा सीसी१, 'किल्ड' सिग्नलने संपला. ही ओळ सीसी१प्लसची नाही, त्याला बोलायला सवडच मिळाली नव्हती. मेमरी संपली, कर्नलने सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्यांपैकी एकाला निवडून जागच्या जागी थांबवलं, आणि ती बातमी मुकादम जीसीसीने दिली. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नसतो. कर्नलची वही 'डीमेसेज' या आज्ञेने उघडता येते. 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे त्या प्रोग्रामचं नाव तिथे नोंदलेलं होतं.

आम्ही 'जे'पुढे २ लिहिला आणि पुन्हा मेक दिलं. आधी तयार झालेल्या फायलींना मेकने हात लावला नाही, त्यांची घड्याळं बघून तो पुढे गेला आणि जिथे काम अडलं होतं तिथूनच सुरू झाला. जेवणं आटोपेपर्यंत लायब्ररी तयार झाली. नकाशात भगूर आणि कॅम्प यांचे ठिपके एकमेकांवर चढून बसले होते, तेव्हा भाचीने लगेच प्रमाण बदलायला घेतलं.